विळ्यावरचं तांबं

मंचरला मी ज्या वर्कशॉपमध्ये काम करते, तिथं माझ्या टेबलावर एक छोटी काचेची बाटली असते. तिच्यात निळं पाणी आहे. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, "मॅडम, ही शाई कशाला ठेवलीय?" ती शाई नाही. पाण्यात विरघळवलेला मोरचूद आहे, द्राक्षबागेवर मारतात तोच. बॅटऱ्या बांधायच्या जागी बागेचं औषध कशाला, हे सांगायचं तर मला नानांच्या बागेपासून सुरुवात करावी लागते.

नाना म्हणजे माझे वडील. राजुरीच्या पुढं आमची शेती आहे आणि तिच्यात ओढ्याच्या बाजूला द्राक्षाची बाग आहे. मोठी नाही, पण तिचा एकेक खांब नानांनी स्वतः रोवलाय. मांडवाची उंची ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी टेप आणला नाही. आईला मधोमध उभं केलं, "हात वर कर, पण ताणू नको" म्हणाले, आणि तिचा तळहात जिथं आला तिथं तार ओढली. घड विरळायचं, म्हणजे घडातले जादा मणी काढून टाकायचं काम आई करणार होती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती दुसऱ्यांच्या बागेत टाचा उंचावून विरळणी करायची आणि रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. म्हणून आमचा मांडव आईच्या हाताच्या उंचीचा. आई बुटकी आहे, नाना उंच. त्यामुळे आपल्याच बागेत नाना कायम वाकून चालत आले. माझे चुलते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ते चेष्टा करायचे, "दादा बागेत शिरला की नवरीच्या बापागत वाकतो."

मी नोकरीला लागले त्याच साली नानांचा उजवा खांदा गेला. टोमॅटोचे कॅरेट उतरवताना ते ट्रॉलीवरून पडले. ऑपरेशन झालं, हात हलायला लागला, पण डॉक्टरांनी बजावलं की दांडा मारायचा फवारणीचा हातपंप बंद आणि पाठीवर जड ओझं नाही. बॅटरीच्या पंपाला दांडा नसतो हे खरं, पण त्याच्या तळाशी शिशाची बॅटरी असते. औषधानं भरलेली टाकी आणि खाली ती दगडासारखी बॅटरी, असा पंप त्या खांद्याला झेपणारा नव्हता. ट्रॅक्टरचा ब्लोअर आमच्या बागेत शिरत नाही, मांडव ठेंगणा आहे. मजूर फवारणीला मिळाला तरी आज सांगितलं तर परवा येतो, आणि रोग परवापर्यंत थांबत नाही.

आप्पांनी एकदा जेवताना विषय काढला. "दादा, बाग काढून टाक. तिथं सोयाबीन कर, गहू कर. वाकायचं तरी कितीदा?"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "आक्टोबर छाटणीपर्यंत बघू. तोवर जर माझ्या बागेला मला औषध मारता आलं तर ठिवू. न्हाई तर कुऱ्हाड."

त्यांनी हे शांतपणे म्हटलं. आई पाणी आणायला म्हणून आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. कोणी आईला विचारलं, पोरगी काय शिकती, तर ती सांगायची, "लाईटचं शिकती." मला ते उत्तर आवडायचं. कॉलेजला जायची एसटी आळेफाट्याहून धरावी लागायची आणि तिथपर्यंत नाना मला दुधाच्या गाडीबरोबर सोडायचे. पावसात गाडी रुतली तर तेही उतरून ढकलायचे, मग ओल्या कपड्यांनी परत बागेत. त्या खांद्यानं माझं शिक्षण ढकलत नेलं आहे. म्हणून त्या रात्री मी ठरवलं की नानांना हलका पंप करून द्यायचा. बॅटऱ्या बांधणं हेच तर मी शिकत होते.

आमच्या वर्कशॉपचे मालक इंजिनिअर आहेत, आंबेगावच्याच एका खेड्यातले. शहरातली नोकरी सोडून गावाकडं परत आले. आम्ही त्यांना सर म्हणतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला यातलं काही हातानं येत नव्हतं. सर म्हणाले होते, "हात शिकतो. बघायची आवड आहे ना, मग झालं." त्या वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

बॅटरीचा पॅक म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. लोखंडी नळकांड्यासारखा एक सेल असतो, मुठीत मावेल एवढा. एकट्या सेलचा जोर थोडा. त्याच्या पुढं दुसरा, तिसरा, चौथा जोडला की पंपाची मोटर फिरेल एवढा जोर होतो. जोडायचं एका पातळ, चपट्या पट्टीनं. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून जोडायला गेलं तर उष्णता सेलच्या पोटात जाते आणि तो बिघडतो. म्हणून पट्टी सेलच्या टोकावर ठेवायची, मशीनची दोन टोकं तिच्यावर दाबायची आणि पायानं पेडल दाबायचं. टच असा आवाज होतो, बारीक ठिणगी उडते आणि पट्टीवर दोन ठिपके राहतात. पापणी लवायच्या आत तेवढ्याच जागी धातू वितळून सेलशी एक झालेला असतो. सेलला हात लावून बघा, गारच्या गार. मी हे रोज करते आणि रोज मला थोडं थांबून बघावंसं वाटतं.

ही पट्टी निकेलची असावी लागते. निकेल गंजत नाही, वीज बऱ्यापैकी नेतं आणि पटकन चिकटतं. बाजारात दुसरीही पट्टी मिळते. आत लोखंड आणि वरून निकेलचा मुलामा, पितळी भांड्याला कल्हई करावी तसा. दोन्ही सारख्याच चकचकीत. लोखंडाची पट्टी वीज नेताना जास्त तापते आणि ठिपक्यापाशी मुलामा फाटला की आतून गंजायला लागते. म्हणून आम्ही शुद्ध निकेलचंच बंडल मागवत होतो आणि आलेल्या बंडलावर तसं लिहिलेलंही होतं.

सरांच्या परवानगीनं मी घरी पडून असलेल्या बॅटरीच्या पंपासाठी चार सेलचा पॅक बांधला. जुन्या शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी वजन. उरलेला पट्टीचा तुकडा आणि पॅक घेऊन मी घरी आले तेव्हा आप्पा ओट्यावर बसलेच होते. आमच्या गोठ्यात जुन्या स्पीकरचं एक लोहचुंबक आहे. कडब्यात तार, खिळा गेला तर गाईच्या पोटात जाऊ नये म्हणून आप्पा ते वैरणीतून फिरवतात. आई भांडी घेतानाही तेच चुंबक बाजारात नेते. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर चांगलं स्टील. आप्पांनी ते आणून पट्टीला लावलं. टक्क करून चिकटलं.

"हे बघ. लोखंड हाय."

"आप्पा, निकेलपण चुंबकाला चिकटतं."

"असं कसं? मग चांगलं कुठलं आन् भंगार कुठलं, कळायचं कसं?"

"आम्ही खात्रीच्या दुकानातून घेतो."

"खात्री दुकानदाराची का पट्टीची?"

नाना हसले. म्हणाले, "तिचं तिला ठावं हाय, राव. तू तुझी वैरण बघ." आणि पॅक बसवलेला पंप पाठीला लावून त्यांनी बटण दाबलं. मोटर गुणगुणली. ओट्यावरून पार गोठ्यापर्यंत पाण्याचा फवारा गेला. नाना खांदा हलवून बघत होते, नवा सदरा घातल्यावर बघतात तसा. आई दारात उभी होती. तिनं फक्त विचारलं, "जड वाटतंय?" नाना म्हणाले, "तुझ्या पोरीनं पाण्याचंबी वजन काढून टाकलंय."

पावसाळा सुरू झाला आणि नाना पुन्हा एकट्यानं बाग मारायला लागले. पावसाळ्यात आमच्याकडं बोर्डो मारतात. मोरचूद एका बादलीत विरघळवायचा, चुन्याची निवळी दुसऱ्या बादलीत करायची आणि दोन्ही एकत्र ओतत ढवळायचं. आभाळासारखं निळं औषध तयार होतं. नाना कोणालाच मदतीला बोलवायचे नाहीत. आई गेली तर म्हणायचे, "तू तुझं बघ, मला जमतंय." त्यांना ते जमून दाखवायचं होतं, हे आम्हाला कळत होतं. म्हणून आम्ही लांबूनच बघायचो.

श्रावणात एका दुपारी ते ओळीच्या मध्यावरूनच परत आले. पंप ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "मोटार दमली."

चार्ज पूर्ण होता. मी मीटर लावला तर आकडा अगदी बरोबर. मोटर चालू केली की आकडा धाडकन खाली. मी तासभर बसले, काही कळेना. त्यात आप्पा बागेतून फिरून आले आणि म्हणाले, "पाल्याच्या कडाबी करपल्यात, दादा." नाना उठून आत गेले आणि खांद्याला तेल लावत बसले. मला ते करपलेल्या पानांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रोग तर थांबणार नव्हता, म्हणून आप्पा त्यांचा पंप घेऊन आमची बाग मारून द्यायला आले. नाना बादल्या मांडत होते. मी जवळच बसून बिघडलेल्या पॅकवरचं प्लास्टिक कापत होते. पंपाचा बॅटरीचा कप्पा उघडला तेव्हा आत वाळलेल्या निळ्या औषधाची खपली दिसली. वर पाहिलं तर टाकीच्या झाकणापासून पाठीवरून खालपर्यंत ओघळ वाळलेले. नाना मांडवाखाली वाकतात, टाकी कलंडते, झाकणातून औषध झिरपतं आणि थेट कप्प्यात येतं. एवढं समजलं. पण प्लास्टिक निघालं आणि मी चक्रावले. पट्ट्यांवरचे ठिपके गंजले होते, एका सेलची पट्टी तर ठिपक्याभोवती कुरतडल्यासारखी होऊन नावापुरती टिकली होती. आणि त्या गंजाच्या कडेनं लालसर चकाकी होती. चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या तपेल्याला असते तशी. नखानं खरवडलं तरी चकाकतच होती. ते तांबंच होतं. पण त्या पट्ट्यांच्या आसपास मी तांबं वापरलंच नव्हतं. तारा होत्या त्या पलीकडच्या टोकाला, प्लास्टिकच्या आत, कोरड्या ठणठणीत.

एवढ्यात आप्पांचा आवाज आला. "दादा, इळा कुठाय?"

"ऱ्हाऊ दे. अंदाज हाय मला."

"अंदाज कसला? इळा बुडवल्याबगार बोर्डो मारायचा व्हय?"

ही आमच्याकडची जुनी रीत आहे. बोर्डो तयार झाला की त्यात घासून स्वच्छ केलेला विळा बुडवायचा. पातं पांढरं राहिलं तर औषध जमलं. पातं लाल झालं तर चुना कमी आहे, अजून घालायचा. तसंच मारलं तर पाला करपतो. लहानपणापासून मी हे पाहत आले होते. पण ढवळायला एक माणूस लागतो आणि विळा बुडवायला दुसरा. खांदा गेल्यापासून नानांना दोन्ही एकट्यानं जमत नव्हतं. ते मदत मागत नव्हते, आणि विळा बुडवणं त्यांनी सोडून दिलं होतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि आईलाही. ती दारातून बघत होती.

आप्पांनी कुडाला खोवलेला विळा काढला, वीटकरीवर घासला आणि माझ्या हातात दिला. "धर गं. तू बुडव, मी ढवळतो."

मी बुडवला. बाहेर काढला. पात्याची कड लाल झाली होती.

"चुना मेलाय," आप्पा म्हणाले. "उघडा ठिवला आसंल. दादा, म्हनून पाला करपला."

ते आणखी काहीतरी बोलत होते, पण मला ऐकू येत नव्हतं. मी विळ्याकडं बघत होते. माझ्या एका हातात विळा होता आणि दुसऱ्या हातात पॅक. दोन्हीवर एकच लाली.

आठवलं ते शाळेतलं. दहावीला विज्ञानाच्या सरांना लोखंडी खिळ्याचा प्रयोग दाखवायचा होता आणि प्रयोगशाळेतली मोरचुदाची बाटली रिकामी होती. सरांनी वर्गात विचारलं, "कोणाच्या घरी द्राक्षबाग आहे?" मी हात वर केला. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत चिमूटभर मोरचूद नेला. सरांनी खिळा सोडला, खिळा लाल झाला. सर म्हणाले, लोखंड पाण्यात जातंय आणि पाण्यातलं तांबं त्याच्या जागी येतंय. मी वहीत लिहून घेतलं, परीक्षेत तसंच उतरवलं, पूर्ण गुण मिळाले. आमच्याच घरातला मोरचूद, आमच्याच बागेतला विळा, आणि मला कधी वाटलं नाही की वहीतली गोष्ट आणि आप्पांची गोष्ट एकच आहे. घरी मला कोणी सांगितलं नाही, कारण घरी ते माहीत नव्हतं. शाळेत सांगितलं नाही, कारण शाळेत विळा नव्हता. मी मात्र रोज दोन्हीकडं होते.

पण मग पट्टी लाल का व्हावी? निकेल एवढ्या लगेच लाल होत नाही. लोखंड मात्र होतं.

मी आत पळाले. उरलेला पट्टीचा तुकडा डब्यात होता. तो कात्रीनं मधोमध कापला आणि नुसत्या मोरचुदाच्या बादलीत तळाला उरलेल्या पाण्यात धरला. अंगठ्याएवढी चकचकीत पांढरी पट्टी, आणि बघता बघता कापलेल्या कडेवर केसासारखी लाल रेघ उमटली. वरचा भाग तसाच पांढरा. मग मी विळ्याच्या टोकानं पट्टीवर एक आडवी रेघ ओढली आणि पुन्हा बुडवली. ती रेघही लाल झाली. लाली बाहेरून चढलीय असं वाटतच नव्हतं. पट्टीच्या आत काय दडलंय ते पट्टीच सांगत होती. इतक्या मुकाट धातूला बोलतं करायला फक्त एक ओरखडा आणि निळं पाणी पुरलं होतं.

"काय झालं गं?" नानांनी विचारलं.

"नाना, पट्टी लोखंडाची आहे. वरून नुसता मुलामा. दुकानदारानं निकेल म्हणून दिली."

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे माजं चुंबक खरं बोललं."

"खरं बोललं आप्पा, पण ते निकेलला चिकटतं आणि लोखंडालाही. सगळ्यांनाच चिकटतं."

"पुढाऱ्यागत म्हन की."

आई दारातच हसली. नाना मात्र तो तुकडा उन्हात धरून फिरवत होते. "बोर्डो चुकला म्हनून पाला करपला," ते हळूच म्हणाले, "आन् त्याच बोर्डोनं पट्टी खाल्ली."

"पट्टी चांगली असती तर खाल्ली नसती," मी म्हणाले.

"आन् बोर्डो चांगला आसता तर?"

मी म्हणाले, "तर थोडी सावकाश गंजली असती."

मग चर्चा सुरू झाली की आता लावायचं काय. नानांनी सरळ सांगितलं, "तांबं लाव. मोरचूदबी तांब्याचाच. घरचा मानूस घरच्याला खाईल व्हय?"

"भावकीत तेच तर खात्यात," आप्पा म्हणाले.

आई म्हणाली, "देवाचं ताम्हन तांब्याचं आसतं, मंग तुज्या बॅटरीला का चालत न्हाई?"

खरं तर नाना आणि आई दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. तांब्याइतकी वीज नेणारा स्वस्त धातू दुसरा नाही. मोरचूद त्याला लाल करणार नाही, ते आधीच तांबं आहे. मग आम्ही निकेल का वापरतो? मला पुस्तकातलं उत्तर माहीत होतं, पण हातानं कधी करून बघितलं नव्हतं. सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. सरांनी बंडलातला तुकडा कापला, मी बाटलीत नेलेल्या मोरचुदाच्या पाण्यात बुडवला, लाल कड बघितली आणि खुर्चीवर बसले. मग उठून पहिलं काम हे केलं की त्या बंडलातून बांधलेले पॅक ज्यांना गेले होते त्यांना फोन लावले आणि परत बोलावले. त्यानंतर म्हणाले, "आता तुझ्या घरच्यांचं तांबं बघू."

आम्ही तांब्याची पट्टी सेलवर ठेवली. मशीनची टोकं दाबली. टच. पट्टी उचलली तर सुटून हातात आली. मशीनचा जोर वाढवला. ठिणगी मोठी उडाली, पट्टीवर काळा डाग पडला, चिकटली नाही. पूर्ण जोर लावला तरी बोटानं सोलून निघाली.

सर म्हणाले, "तुमच्याकडं आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा हंडा आहे?"

"आहे."

"खाली जाळ लागला की वरचा काठ किती वेळात चटका देतो?"

लगेच. तांबं उष्णता एका जागी ठेवतच नाही, सगळ्या अंगाला वाटून टाकतं. वीजही ते अडवत नाही, म्हणून त्या जागी ताप उठतच नाही, आणि जो थोडा उठतो तोही पळून जातो. वितळायला वेळच मिळत नाही. निकेल वीज थोडी अडवतं. त्या अडवण्यातून ताप होतो, तो तिथंच थांबतो आणि जोड बसतो. सरांनी मशीनची टोकं दाखवली. ती तांब्याची होती. इतके महिने मी ती टोकं दाबत होते आणि विचारलं नव्हतं की ती पट्टीला का चिकटत नाहीत. ती तांब्याची होती म्हणूनच चिकटत नव्हती.

जो धातू विजेला सर्वांत मोकळी वाट देतो तोच जोडून घ्यायला तयार नाही, आणि जो जरा अडतो तो एका ठिणगीत आपला होतो. हे कोणी ठरवलं? जमिनीतून निघालेले हे दगडधोंडे, त्यांचा असा पक्का स्वभाव, आणि तो राजुरीत आणि मंचरात, विळ्यावर आणि मशीनखाली सारखाच. मला देवळात गेल्यावर वाटतं तसं वाटलं.

जास्त वीज ओढणाऱ्या मोटरच्या पॅकसाठी सर एक युक्ती करतात. तांब्याच्या पट्टीवर निकेलची पट्टी ठेवायची आणि दोन्हींना मधोमध चीर पाडायची. विजेला त्या चिरीला वळसा घालावा लागतो, म्हणजे ती ठिपक्याच्या जागेतूनच जाते. वरचं निकेल तापतं आणि खालच्या तांब्याला स्वतःबरोबर सेलला जोडून घेतं. पण नानांच्या मोटरला एवढं नको होतं. नुसतं शुद्ध निकेल पुरणार होतं. सरांकडं एका जुन्या बंडलाचा शेवट शिल्लक होता. मी तुकडा कापला, ओरखडा काढला आणि निळ्या पाण्यात टाकला. आमचा चहा झाला, कप धुऊन झाले. तुकडा पांढराच्या पांढरा. तेव्हापासून ती बाटली माझ्या टेबलावर आहे, आणि नवं बंडल आलं की आधी तिच्यात एक तुकडा बुडतो.

त्याच पट्टीचा नवा पॅक बांधला. कप्प्याला रबर लावलं, झाकणाचा वायसर बदलला. पॅक हातात देताना मी नानांना म्हणाले, "नाना, पट्टी आता बरोबर आहे. पण बोर्डो एकट्यानं करू नका."

त्यांनी पॅक तळहातावर तोलला. "म्हंजे मला जमत न्हाई आसं म्हन."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मांडव बांदताना मला हुबं केलं व्हतं का न्हाई? तवा एकट्याला जमत नव्हतं व्हय? आता इळा बुडवायला मी हाय." आणि तिनं कुडातला विळा काढून वीटकरीवर घासायला घेतला.

नानांनी पॅक ओट्यावर ठेवला. मग त्यांनी ढवळायची काठी डाव्या हातात घेतली. "घास जरा नीट," म्हणाले. "गंज ऱ्हायला तर खोटं बोलंल."

त्या दिवसापासून बोर्डो दोघं मिळून करतात. नाना ढवळतात, आई बुडवते आणि पातं उन्हात धरून निकाल सांगते. तिचा निकाल कडक असतो. जरा लाली दिसली तरी, "आनखी घाला." भाद्रपदात फुटलेला नवा पाला हिरवागार होता. मी रविवारी घरी असले की बांधावर उभी राहून मांडवाखालून येणारं ते गुणगुणणं ऐकायची. आवाज एका टोकाला जायचा, वळायचा, परत यायचा. कधी मध्ये थांबला की मी वाकून मांडवाखाली बघायची, पण नाना पाणी प्यायला थांबलेले असायचे.

छाटणीच्या दिवशी सकाळी आप्पा आले ते हातात कात्री घेऊन आले. नाना म्हणाले, "कुऱ्हाड कुठाय?"

"घरी इसरलो," आप्पा म्हणाले आणि पहिली काडी छाटली.

त्यानंतरची ही दुसरी छाटणी झाली. बाग उभी आहे. नाना अजून वाकूनच चालतात. पॅकची पट्टी मी मधूनमधून उघडून बघते, नवी असल्यासारखी आहे. खोट्या पट्टीचं ते उरलेलं बंडल सर टाकून देणार होते, पण मी घरी नेलं होतं, कशाला ते मलाही माहीत नव्हतं. ते आता बादल्यांच्या वर कुडाला खिळ्यावर टांगलेलं असतं. आईला विळा घासायचा कंटाळा आला आणि तिनं एकदा त्यातला तुकडा कापून बोर्डोत बुडवून पाहिला. कापलेलं टोक लगेच बोललं.

"ह्ये बरं हाय," ती म्हणाली. "पांढऱ्यावर लाल लवकर दिसतं."

आता बोर्डोच्या दिवशी ती बंडलातून चिमटीएवढा तुकडा कापते, नाना ढवळता ढवळता थांबतात आणि दोघं मान खाली घालून त्या कडेकडं बघत राहतात. पांढरी राहिली की नाना पंप पाठीला लावतात.